आधी पडदा, मग दिवा

तर झालं असं, की २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस आम्ही चार मित्र लडाखमधल्या हानले नावाच्या गावी गेलो. चौघेही आयटीवाले, रिलीज नुकतंच पार पडलेलं, कॉम्प-ऑफ साठलेले. आई म्हणाली, "पितरांचे दिवस आहेत, आत्ता कशाला निघालास?" म्हटलं, "आई, सर्वपित्री अमावास्या जवळ आली म्हणूनच निघालोय!" आम्हाला चंद्र नको होता. चंद्र असला की आकाशगंगा फिकी पडते.

लेहपासून हानले अडीचशेहून जास्त किलोमीटर. उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असं करत बराच वेळ सिंधू नदीच्या सोबतीनं जायचं. गाव चार हजार मीटरच्याही वर आहे. जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला. होमस्टेच्या मालकीणबाईंनी (सगळे त्यांना 'आमा-ले' म्हणत, म्हणून आम्हीही) खोली दाखवली. खोलीत अंधार होता म्हणून मी सवयीनं भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी माझा हात चक्क अडवला. मग खिडकीपाशी गेल्या, जाड पडदा कडेपर्यंत ओढला, फट राहिली नाही ना ते बघितलं आणि नंतर दिवा लावला. हिंदीत म्हणाल्या, "आधी पडदा, मग दिवा. आमच्याकडे असंच असतं."

त्या रात्री जे पाहिलं त्याचं वर्णन करायला गेलो तर जमणार नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे मला ओळखीची नक्षत्रं सापडेनात. पुण्यात शर्मिष्ठेचा एम आकार चटकन दिसतो, कारण त्या भागात फक्त तेवढेच तारे दिसतात. इथे त्या पाच ताऱ्यांच्या आजूबाजूला इतकी गर्दी, की एम हरवला. दुसरी म्हणजे, देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली. पुसट ढगाचा तुकडा असावा तशी. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. आमा-लेंच्या सुनेनं अंगणात दुर्बीण मांडली होती. तिनं शनी दाखवला, कडी तेव्हा जवळजवळ रेघेसारखी दिसत होती. ती आम्हाला हे सगळं इतक्या सफाईनं समजावत होती, की आमच्यातला एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "आपल्या नॉलेज ट्रान्सफरच्या सेशनला हिला बोलवायला पाहिजे."

पण पुण्याला परत आल्यावर माझ्या डोक्यात आकाशगंगेपेक्षा तो पडदाच जास्त घोळत राहिला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या विजेचा दिवा लावताना आधी पडदा ओढणारी माणसं कुठून आली? ही सवय लागली कशी? मग नेहमीप्रमाणे दोन-तीन वीकएंड वाचनात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात पुण्यापासूनच करू. १८८८ साली पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी देणगी दिली म्हणून तिला त्यांचं नाव. चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळातली भारतातली सगळ्यात मोठी. नायगमवालांनी तिथून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. आज शिवाजीनगरच्या सिग्नलला उभं राहून हे वाक्य परत वाचा! म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी तारे पाहायला कुठे जायची गरजच नव्हती. काळोख ही काही वेगळी जागा नव्हती, रोज रात्री तो आपसूक घरी यायचा. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती उजेडामुळे गेली नाही हे खरं. पण ती राहिली असती तरी पुढे तिचं काय झालं असतं, ते आपण समजू शकतो.

शहराच्या विजेपुढे विज्ञानानं माघार घेतल्याचं एक उदाहरण मात्र आपल्याकडे फार जुनं आहे, आणि ते ताऱ्यांचं नाही. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ ची वेधशाळा. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं चालत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि प्रश्न आला की ट्रामच्या विजेमुळे या नाजूक नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी जागा शोधली आणि लोखंड टाळून तिथे इमारत बांधून घेतली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून आकडे जुळवले आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. (जुनी आणि नवी सिस्टिम पॅरलल चालवून मगच कटओव्हर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी! आपण शिकावं असं बरंच आहे.) १९०७ मध्ये ट्राम धावली. पुढे ट्राम बंदही पडल्या, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

माघार घ्यायची आणि पुढे जायचं, हा पॅटर्न मग आकाश बघणाऱ्यांनीही गिरवला. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९८५-८६ मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, खगोल मंडळ सुरू झालं. मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम म्हणजे वांगणी. कर्जत लोकलनं बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन. कॉलेजात असताना, २००३ च्या हिवाळ्यात, मीही तिथे एकदा गेलोय. सतरंजी, स्वेटर, थर्मासमधला चहा, आणि मध्यरात्री 'हा बघा व्याध' म्हणून आकाशात फिरणारा टॉर्चचा झोत. घरापासून दीड-दोन तासांवर असं आकाश होतं! पण बदलापूर वाढत गेलं, मग वांगणीलाही टॉवर आले. शहराचा उजेड काही नगरपालिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही, क्षितिजावर त्याचा घुमट कित्येक किलोमीटरवरून दिसतो. म्हणजे आकाशवेड्यांनी दर पंधरा-वीस वर्षांनी अजून थोडं लांब जायचं. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांचंही तेच झालं, फक्त त्यांच्या उड्या मोठ्या होत्या. कोडाईकनालहून तमिळनाडूतलं कावलूर आणि तिथून थेट हिमालयापलीकडे.

१९९० च्या दशकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सनं मोठ्या दुर्बिणीसाठी जागा शोधायला घेतली. उंची हवी, कोरडी हवा हवी, ढग कमी हवेत आणि रात्री काळ्या हव्यात. हानलेला हे सगळं एकत्र मिळालं. थंड वाळवंट, पाऊस अगदी नगण्य. गावात सतराव्या शतकातला बौद्ध मठ, काही वस्त्या, बाकी मोकळं पठार आणि त्यावर पश्मिना शेळ्या चारणारे चांगपा लोक. गावाजवळच्या डोंगरावर ४५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बसली. सप्टेंबर २००० मध्ये तिनं पहिल्यांदा आकाश पाहिलं. 'चंद्र' हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ती चालवतात बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या लिंकवरून, २००१ पासून! आपल्यातले बरेच जण तेव्हा डायल-अपचा आवाज ऐकत बसलो होतो, तेव्हा कुणीतरी दोन हजारांवर किलोमीटर दूरची दुर्बीण रिमोटनं फिरवत होतं. २०१८ मध्ये त्याच डोंगरावर आयआयटी मुंबई आणि याच संस्थेची ७० सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आली, ती तर पूर्ण स्वयंचलित. आणि आम्ही परतलो त्याच आठवड्यात, ४ ऑक्टोबर २०२४ ला, गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या २१ मीटरच्या 'मेस' दुर्बिणीचं तिथे उद्‌घाटन झालं.

आता गंमत बघा. हानलेच्या पुढे जायला जागाच नाही. पुढे सीमा आहे. आतापर्यंतचा उपाय होता पळायचं, तो इथे संपला. उजेड इथवर आला तर काय करणार? उरतो एकच मार्ग, आहे तिथेच काळोख राखायचा.

हे काम जगात याआधी झालं होतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावानं १९५८ मध्येच, तिथल्या वेधशाळांसाठी, जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली. पण हानलेशी जास्त जुळतं ते न्यूझीलंडमधल्या टेकापो या तळ्याकाठच्या छोट्या गावाचं उदाहरण. तिथल्या माउंट जॉनवर १९६५ मध्ये विद्यापीठाची वेधशाळा सुरू झाली. १९८१ मध्ये मॅकेन्झी जिल्ह्यानं बाहेरच्या दिव्यांसाठी नियम केले: दिव्याला वरून झाकण हवं, उजेड जमिनीवर पडायला हवा, आकाशात नाही. त्या वेळी पर्यटन कुणाच्या मनातही नव्हतं. नियम होता डोंगरावरच्या शास्त्रज्ञांसाठी, आणि तो पाळत होते खालचे गावकरी. फायदा एकाचा, तसदी दुसऱ्याची. तरी त्यांनी पाळला. पुढे २००४ च्या सुमारास रात्रीच्या सहली सुरू झाल्या, आणि २०१२ मध्ये त्या परिसरातल्या ४३०० हून अधिक चौरस किलोमीटरला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्हचा दर्जा मिळाला. आज लोक जगभरातून तिथे तारे बघायला मुक्कामाला जातात. म्हणजे १९८१ पासून वीसहून जास्त वर्षं गावानं दिवे झाकले आणि त्यानंतर त्या झाकलेल्या दिव्यांची कमाई सुरू झाली.

हानलेनं हा मधला काळ वगळला. २०२२ मध्ये लडाखचं प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि बंगळूरची संस्था यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षअखेर १०७३ चौरस किलोमीटरचं हानले डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झालं, भारतातलं पहिलं. त्यात दिव्यांचे नियम आले: झाकण, पडदे, रात्री गाडीच्या हेडलाइटवर बंधन. पण त्याच आराखड्यात गावकऱ्यांच्या उत्पन्नाचाही विचार होता. वस्त्यांमधल्या २४ जणांना प्रशिक्षण देऊन 'ॲस्ट्रो ॲम्बॅसेडर' केलं, त्यातल्या १८ बायका. त्यांना दुर्बिणी दिल्या. आमच्या आमा-लेंची सून त्यांच्यातलीच. पाहुणा येतो तो काळोखासाठी, राहतो गावातल्या घरात, दुर्बिणीतून बघतो गावातल्याच बाईकडून. पडदा ओढणाऱ्यालाच पडद्याचे पैसे मिळतात. या साध्या हिशोबामुळे तो पडदा माझ्या डोक्यातून जात नव्हता.

इथवर लिहून मी खूश होतो. दिवाळीत आजोळी गेलो, अंबाजोगाईच्या बाजूला, आणि मामाला हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे अंधार बघायला तू इमानानं गेलास? आन् पैसे देऊन?" मी म्हटलं, "हो." मामा म्हणाला, "आमच्याकडं दहा वर्सं फुकट होता की रे. तवा कोन आलं न्हाई."

मी गप्प बसलो. मामा बोलत होता भारनियमनाबद्दल. २००५ नंतरची ती वर्षं आठवून बघा. पुण्या-मुंबईत आपण एसीच्या कँपसमध्ये बसून कोड लिहीत होतो, आणि खेड्यांमध्ये बारा-बारा तास वीज नसायची. शेतीपंपाची वीज तर रात्रीच यायची. मामा रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचा, पाण्याच्या साऱ्यातून, सापाविंचवातून. त्याच्या डोक्यावर तेव्हा आमच्या हानलेइतकं नसलं तरी पुण्याच्या दसपट आकाश असणार. मृगाच्या तीन ताऱ्यांना तो तिकांडं म्हणतो, सप्तर्षींना म्हातारीचं बाजलं. तिकांडं डोक्यावर आलं की पाळी किती उरली याचा अंदाज त्याला यायचा. त्यानं आकाश माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण त्याला विचारा, तो काळोख हवा होता का? "पोरगं दहावीला चिमनीवर बसायचं," एवढंच तो म्हणाला.

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचा मुद्दा इथे आहे. मामाच्या गावचा काळोख त्याच्यावर लादलेला होता, आणि तो लादणाऱ्या व्यवस्थेत उजेड आमच्या वाट्याला येत होता. आमा-लेंच्या घरात बटण आहे, दिवा आहे, दिव्यात वीज आहे, आणि तरी त्या आधी पडदा ओढतात. वरून बघितलं तर दोन्ही गावं काळीच दिसतील. पण एका गावाला विचारलं गेलं, मोबदला मिळाला, आणि नाही म्हणायची सोय होती. दुसऱ्याला यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे 'खेडी किती छान, अंधार किती शांत' असं म्हणत शहरातला माणूस खेड्यातल्या रस्त्याच्या दिव्यांवर नाक मुरडायला लागला, की मला मामाचं ते वाक्य आठवतं. रात्री घरी एकट्या येणाऱ्या मुलीला रस्त्यावर दिवा हवाच.

सुदैवानं इथे दिवा किंवा तारे, अशी निवड नसतेच. आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, देशातलं पहिलं. त्यासाठी वाघोडा, सिलारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले. दिवे काढले नाहीत, जमिनीकडे तोंड करून बसवले. रस्ता दिसतो, आकाशही दिसतं. जो उजेड आकाशात जातो तो तसाही कुणाच्या उपयोगाचा नसतो, त्याचं बिल मात्र आपण भरतो.

आणि घाई आहे. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात 'आज मला किती तारे दिसले' अशा नोंदी केल्या, त्यावरचा अभ्यास २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय. चक्रवाढीचं गणित तुम्हाला माहीत आहेच, आठ वर्षांच्या आत दुप्पट. ज्या गावी मूल जन्मताना २५० तारे दिसतात, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत १०० उरतात. एलईडी स्वस्त झाले, कमी वीज खातात, म्हणून आपण दिवे कमी न करता वाढवले. मेमरी स्वस्त झाल्यावर आपण सॉफ्टवेअरचं जे केलं, तेच!

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक फ्लडलाइट आहे, निम्मा झोत सरळ वर जाणारा. मागच्या मीटिंगला मी विषय काढला. सेक्रेटरी काका म्हणाले, "चोर आले तर जबाबदार कोण?" मी मामाला आठवून वाद घातला नाही. फक्त म्हटलं, "काका, दिवा राहू दे, तोंड खाली करू. चोर वरून येत नाहीत." लोक हसले, ठराव झाला, इलेक्ट्रिशियननं दहा मिनिटांत दिवा वाकवला. आता पार्किंगमध्ये आधीपेक्षा जास्त लख्ख दिसतं. आकाशगंगा अर्थातच दिसत नाही, एका दिव्यानं काय होणार. पण परवा रात्री गच्चीवर गेलो तर शर्मिष्ठेच्या एमच्या आत एक बारीकसा तारा दिसला, जो मी पुण्यातून आधी कधी पाहिला नव्हता.

हिवाळ्यात मामाला पेंचला घेऊन जायचा विचार आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो, "जाऊ की. पर पैसे तू भर, आमी आमचं आधीच भरलंय."